ठिपक्याचं घर आणि माझं माप

प्यायच्या वाटीपलीकडे पाण्याचा एक थेंबही जिच्यात पडणार नाही, अशा पेटीचं माप सारं जग गॅलनमध्ये का सांगतं, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. मासा असता तर एक वेळ समजू शकलो असतो. आमच्याकडे आला होता तो गेको, म्हणजे पालीचा चुलतभाऊ. पिवळट अंग, त्यावर काळे ठिपके, जाडजूड शेपटी, आणि आत्ताच कुणीतरी आपली स्तुती करून गेल्यासारखा चेहरा. बायकोची मैत्रीण नोकरीसाठी परगावी निघाली होती, तिने तो आमच्या लेकीला देऊन टाकला. लेकीने त्याचं नाव ठिपक्या ठेवलं. तो आला एका प्लॅस्टिकच्या डब्यातून, आणि निघताना मैत्रीण एवढंच म्हणाली, की हा डबा तात्पुरता आहे, त्याला नीट काचेची पेटी घ्या, योग्य मापाची.

योग्य मापाची म्हटल्याबरोबर घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. बायकोचं म्हणणं, कुणाच्याही नजरा वळल्या नव्हत्या, तूच खाकरलास. असेल. पण माझी नोकरीच मापाची आहे. नगरपालिकेत लोक घरांचे नकाशे मंजुरीला आणतात. त्यांतली न्हाणी नियमापेक्षा वीतभर अरुंद आहे हे मी शोधून काढतो आणि लाल शेरा मारून नकाशा परत करतो. माझ्या हाताखालून अख्ख्या गावाची स्वयंपाकघरं गेलेली आहेत. अशा माणसाच्या घरात एका पालीच्या चुलतभावाची जागा दुसऱ्या कुणी ठरवावी, हे बरं दिसलं नसतं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या घरात कुठलीही वस्तू येते ती वाढत्या अंगाचीच. लेकीला बूट घेतो ते असे, की पहिले काही महिने लेक वळली तरी बूट सरळ जातात. माझा कोट मी लग्नात घेतला, त्याच्या बाह्या मला आत्ता कुठे बसायला लागल्यात. वस्तू एकदाच घ्यावी आणि मग माणसाने तिच्यापर्यंत पोचावं, हे आमचं धोरण आहे, आणि त्याने आजवर आमचं फारसं वाईट झालेलं नाही.

आमच्याकडे सासूबाई राहतात. मी त्यांना आई म्हणतो. पालींचं आणि त्यांचं हाडवैर. घरात पाल शिरली, की बाकीची माणसं खुर्च्यांवर चढतात आणि आई झाडू घेऊन पुढे होतात. बदल्यांच्या नोकरीतल्या नवऱ्यामागे त्या कितीतरी घरांतून फिरल्या आणि प्रत्येक घरात त्यांनी पालींचा बंदोबस्त केला. तो दरारा आम्ही सगळे मानतो. ठिपक्याचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी लांबूनच पाहिलं.

"जन्मभर पाली हाकलल्या," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही एक मानपान करून आणलीत. चालू द्या."

आणि त्यांनी आपली खुर्ची पलीकडच्या भिंतीला लावून घेतली.

मापाचं काम मी दुसऱ्या दिवशीच हाती घेतलं. इंटरनेटवर एक जण सांगत होता दहा गॅलन. दुसरा म्हणत होता वीस, तिसरा चाळीस, आणि चाळीसवाला दहावाल्याला तुरुंगाधिकारी म्हणत होता. मी गॅलनचे लिटर केले, लिटरच्या बादल्या केल्या, आणि एका गेकोला किती बादल्या जागा लागते या प्रश्नापाशी येऊन थांबलो. बायकोने कागदावर नजर टाकली आणि ती काही न बोलता कामावर गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात समोरच्या दारातले शिंपीकाका आले. दुकान त्यांनी मुलाकडे सोपवलंय, पण गळ्यातली टेप अजून सोपवलेली नाही.

"आधी गिऱ्हाईकाचं माप घ्या," ते म्हणाले. "कापड मागून."

लेकीने ठिपक्याला तळहातावर घेतलं. काकांनी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप धरली, मग सवयीने छातीला लावली. ठिपक्या जागचा हलला नाही. काकांना त्याचं फार कौतुक वाटलं.

"याला म्हणतात गिऱ्हाईक. माणसं माप देताना पोट आत ओढतात, आणि मग कपडे घट्ट झाले म्हणून भांडायला येतात. हा बघा, आहे तसा उभा आहे." मग त्यांनी निकाल दिला, "वाढतं अंग आहे. आत भरपूर कापड सोडा."

हे माझ्या मनातलंच होतं. मग मी गॅलनचा नाद सोडला आणि आमच्या खात्याच्या नियमांवर आलो. राहण्याच्या खोलीला किमान क्षेत्रफळ, किमान उंची, पुरेशी हवा, पुरेसा उजेड. उंचीच्या बाबतीत मी हात सैल सोडला, कारण मी आजवर पाहिलेली प्रत्येक पाल भिंतीवर होती आणि काही तर छताखालून कधी उतरल्याच नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, पुस्तकात पेटी लांब दाखवलीय, उंच नाही." मी म्हणालो, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरात भिंती नसतील." मी वरून दिसणारा नकाशा काढला, समोरून दिसणारा काढला, उजेडाची दिशा दाखवली, खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही शेरा न पडता मंजूर झालेला हा पहिला नकाशा. मंजूर करणारा मीच होतो, पण म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

काचवाल्याने नकाशा पाहून दोनदा विचारलं, की आत माणूस उभा राहणार आहे का. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

पेटी आली ती टेंपोतून. माझ्या छातीएवढी उंच, आणि लांबीला आमच्या जेवणाच्या टेबलाशी स्पर्धा करणारी. लिफ्टमध्ये ती उभी मावली नाही, आडवी मावली नाही, तिरकी घातली तर दार लागेना. मग जिना. पहिल्या वळणावर ती अशी अडकली, की काचवाल्याची माणसं वर, मी खाली, आणि मध्ये काच. काचेपलीकडून शिंपीकाका सूचना देत होते, त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी जिना चढत माझ्या बाजूला आले आणि पेटीपाशी थांबले. दुसरं काही करणं त्यांनाही शक्य नव्हतं.

"मासे?" त्यांनी विचारलं.

"गेको."

"नियमात कुत्रा आहे, मांजर आहे, पिंजऱ्यातले पक्षी आहेत. काचेची पेटी म्हणजे मासे. मासे म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे गळती. खालच्या मजल्याची लेखी संमती लागेल."

"अहो, यात पाणी भरायचंच नाहीये."

"आज नाही भरायचं," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले.

हे वाक्य मी स्वतः कचेरीत बसून किती लोकांना ऐकवलंय. आज गच्ची म्हणताय, उद्या खोली काढाल. जिन्यात काच छातीशी धरून उभा असतानाही मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आपल्या कामात मुरलेला माणूस कुठेही भेटला तरी मला बरं वाटतं.

"आणि ती पाल असेल," ते पुढे म्हणाले, "तर विषय माझ्याकडे येतच नाही, फवारणीवाल्यांकडे जातो. ते वर्षातून दोनदा येतात. त्यांना मी काय सांगू, ही सोडा आणि बाकीच्या मारा?"

मार्ग काढला शिंपीकाकांनी, काचेला तोंड लावून. "मासेच लिहा. अजून आणलेले नाहीत असं लिहा." सेक्रेटरींना ते पटलं. नियम पाळला गेला होता आणि फवारणीचाही प्रश्न उरला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी संमती दिली, आणि तेव्हापासून त्या भेटल्या की, मासे कधी येणार म्हणून विचारतात.

पेटी जेवणाच्या खोलीत बसली, म्हणून जेवणाचं टेबल बाहेर निघालं आणि बाहेरच्या खोलीतही न मावल्याने काकांच्या घरी गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. पेटीत एका टोकाला उबेची पट्टी बसवली, कारण गेकोला एक बाजू उबदार आणि एक थंड लागते. दुसऱ्या टोकाला विकतची प्लॅस्टिकची गुहा ठेवली. मधे सगळं मोकळं, स्वच्छ, हवेशीर. मग लेकीने पुढची काच सरकवून ठिपक्याला अलगद आत सोडलं.

तो मधोमध उभा राहिला. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि जो धावत सुटला तो थेट गुहेत शिरला. मी तो भिंतीवर कधी चढतो याची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी लेक पुस्तक घेऊन आली आणि जपून म्हणाली, "बाबा, या जातीच्या पायांना चिकटायची सोय नसते. हे चढत नाहीत. जमिनीवरच राहतात."

म्हणजे माझ्या नकाशातला वरचा पाऊण भाग हवेसाठी बांधला गेला होता.

"वरचा मजला भाड्याने देऊ या," बायको म्हणाली. इतके दिवस ती गप्प होती, ती याच वाक्यासाठी असावी.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ठिपक्या जेवेना. लेक रोज त्याच्यासाठी रातकिडे सोडायची. ते रातकिडे त्या मोकळ्या मैदानात हिंडायचे, उबेच्या पट्टीवर शेक घ्यायचे, गायचे. माझ्या नकाशाप्रमाणे सुखात राहणारे तेवढेच होते. ठिपक्या गुहेच्या तोंडाशी येऊन बघायचा आणि परत आत जायचा. गेको अडीअडचणीसाठी शेपटीत चरबी साठवतो. ती जाडजूड शेपटी रोज थोडी थोडी उतरत चालली. लेक आईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून त्याचं वजन करायची. आई काटा दोनदा धुवायच्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. काका म्हणाले, ढगळ झालंय, मधून टाका मारा, पुठ्ठ्याचा पडदा लावा. कचेरीतला शेजारी म्हणाला, आरसा ठेवा, सोबत वाटेल. आरसा ठेवला. ठिपक्याने त्यात एकदा पाहिलं आणि त्या दिवशी तो बाहेरच आला नाही. मीही एक सुधारित नकाशा काढला. पण हात चालेना.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटसुलट करून तपासलं. "आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "घाबरलाय. पूर्वीच्या डब्यात खात होता ना?"

मी ताबडतोब म्हणालो, "मग परत डब्यातच ठेवतो." मोठी पेटी काढून टाकायला आणि आपण चुकलो म्हणायला मी एका क्षणात तयार झालो, इतकी माझी घमेंड उतरली होती.

"डब्यात त्याला ऊब आणि थंडावा, दोन्ही नाही मिळणार. पुढे आजारी पडेल. पेटीतच त्याला राहता आलं पाहिजे." त्यांनी शेपटी चिमटीत धरून पाहिली. "आठवडाभर बघा. नाहीच खाल्लं तर इथे आणून द्या. मी ठेवून घेईन, आणि मग त्याच्यासाठी दुसरं घर बघू."

दुसरं घर म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला, पण लेकीने ऐकलं. परतीच्या वाटेवर ती डबा मांडीवर धरून बसली होती. घर दिसू लागलं तेव्हा म्हणाली, "त्याला आपलं घर नाही आवडलं का, बाबा?"

मी दुसऱ्यांची घरं नापसंत करून पगार घेतो. आपलं घर कुणी नापसंत केलं, तर कसं वाटतं, ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आठवडा सरत आला. लेकीने घरातला एक रिकामा बुटांचा खोका काढून त्यात मऊ फडकं अंथरून ठेवलं होतं, डॉक्टरांकडे न्यायला. ते पाहून बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मी पेटीसमोर बसलो होतो, आणि मागून आई आल्या. हातात झाडू.

मी उठून उभा राहिलो. खरं सांगायचं तर पेटीच्या आड आलो.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "मी काही करत नाही त्याला." मग त्यांनी काचेपासून हातभर अंतर राखून आत पाहिलं, आणि माझ्या नकाशावर माझ्या देखत शेरा मारला. "हे काय करून ठेवलंय? हे तर मैदान आहे."

"मोकळं ठेवलंय, आई. ऐसपैस."

"जावईबापू, पाल कधी मोकळ्यावरून चाललेली पाहिलीत? मी आयुष्य घातलंय त्यांच्यामागे. पाल कपाटाच्या मागून चालते. तसबिरीच्या आडून चालते. अंगाला दोन्हीकडून काहीतरी घासलं पाहिजे, डोक्यावर काहीतरी पाहिजे, तर ती पुढे सरकते. उघड्यावर आली की झाडू बसतो, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं असतं. आता याचं जेवण तुम्ही ठेवता त्या टोकाला, आणि लपायची जागा या टोकाला. मधे उघडं रान. कुठला शहाणा जेवायला निघेल?"

शत्रूचा इतका मन लावून केलेला अभ्यास मी कुठल्या तज्ज्ञात पाहिला नव्हता.

"पेटी लहान करायला नको आणि मोठी करायला नको," त्या म्हणाल्या. "आडोसा हवा. जा, पोरीला उठवा. मी सांगते ते आणा."

मग ती दुपार जी गेली, तशी आमच्या घरात क्वचित जाते. आई खुर्चीवर बसून झाडूच्या दांड्याने दाखवत होत्या आणि आम्ही आणत होतो. फुटक्या कुंडीचे तुकडे. लेकीची तडा गेलेली पाटी. बागेतली झाडाची साल. चपट्या दगडांची चळत, मधे बोटभर फटी ठेवून. माझे नकाशे ठेवायची पुठ्ठ्याची नळी कापून तिचे बोगदे झाले. बायकोने जुन्या टोपलीचा तळ आणला. काका टेप घेऊन आले आणि आईंच्या हुकमाने ठिपक्याच्या पाठीची उंची मोजून प्रत्येक फट तपासू लागले. "घट्ट हवी," आई त्यांना बजावत होत्या. "पाठ वर टेकली पाहिजे. सैल सोडाल तर परत उसवायला लावीन." काकांना इतक्या वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं; ते निमूटपणे फट बारीक करत होते.

गुहेपासून उबेच्या पट्टीपर्यंत एक वाट तयार झाली. तिच्यावर कुठेही डोकं उघडं पडत नव्हतं. फक्त पाटीचं एक टोक उंच राहिलं होतं आणि खालून उजेड येत होता. लेकीचा हात तिथवर पोचेना, माझा आत शिरेना. ठिपक्या तिथून वीतभरावर दगडाआड बसला होता.

आई उठल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, बाही मागे सारली आणि हात आत घातला. पाटी सरकवली, तिच्याखाली एक खापर लावलं, आणि पाटी पुन्हा अलगद टेकवली. त्यांच्या बोटांपाशी ठिपक्याने मान वळवली. आईंनी हात बाहेर ओढला नाही, काम पुरं केलं आणि मगच काढला.

"आता एक किडा सोडा," त्या म्हणाल्या. "पाटीपाशी. आणि कुणी हलू नका."

संध्याकाळ झाली होती. आम्ही जमिनीवर बसलो, काकाही बसले. पुष्कळ वेळ काही झालं नाही. लेक माझं मनगट धरून होती. मग पुठ्ठ्याच्या नळीत काहीतरी घासल्याचा आवाज आला. टोपलीखालून शेपटीचं टोक दिसलं आणि नाहीसं झालं. पाटीखालून आधी नाक आलं, मग तो स्तुती ऐकून आल्यासारखा चेहरा. रातकिडा समोरून चालला होता. ठिपक्याच्या शेपटीचं टोक थरथरलं, आणि काही कळायच्या आत रातकिडा अर्धा बाहेर आणि अर्धा तोंडात होता.

त्याने तो गिळला, डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा शोधू लागला.

लेक हसतही होती आणि रडतही होती. तिने खोक्यातलं फडकं काढून त्यानेच डोळे पुसले. बायकोने काकांच्या पाठीत थाप मारली. तीन रातकिडे खाऊन ठिपक्या उबेच्या पट्टीवर, दगडाखाली, पाठ वर टेकवून निजला. "आजी, बघ ना," लेक म्हणाली, पण आजी तिथे नव्हती.

आभार मानायला मी स्वयंपाकघरात गेलो. आई नळाखाली हात धरून उभ्या होत्या. साबण केव्हाच वाहून गेला होता, तरी त्या धूतच होत्या. मी नळ बंद केला.

"लहानपणापासून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाल दिसली की मला पळत सुटावंसं वाटतं. घरात दुसरं कुणी पुढे व्हायचं नाही, म्हणून मी व्हायची."

या बाईंनी इतक्या घरांत, इतकी वर्षं, पळून जावंसं वाटत असताना झाडू उचलला होता, आणि खुर्च्यांवर चढून आम्ही त्यांना शूर म्हणत होतो. त्या शूरच होत्या. आम्हाला वाटत होतं त्याहून फार जास्त होत्या. मी त्यांना टॉवेल दिला, आणि त्यांनी बोटांमधलं पाणी एकेक करून टिपलं.

"पोरीला सांगू नका," त्या म्हणाल्या. "उद्या पाटीमागच्या वाटीतलं पाणी बदलायचं असेल त्याचं. तिचा हात पोचत नाही तिथे."